चित्रांचे दुकानदार

२०२३च्या ऑगस्टअखेरीस मुंबईतल्या एका लिलावात सय्यद हैदर रझा यांचे ‘जेस्टेशन’ हे १९८९ सालचे चित्र ५१ कोटी ७५ लाख रुपयांना विकले गेले. त्याच्या दीड वर्ष आधी, फेब्रुवारी २०२२मध्ये, वासुदेव गायतोंडे यांचे १९६९ सालचे एक शीर्षकहीन चित्र ४२ कोटींना गेले होते. आमच्या नागपुरात या दोन्ही बातम्यांची फारशी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. खरे तर व्हायला हवी होती. गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपुरातच झाला. कुटुंब मूळचे गोव्याचे, आणि पुढचे सगळे आयुष्य गिरगाव आणि दिल्लीत गेले, त्यामुळे त्यांच्यावर जन्मापलीकडे नागपूरचा हक्क सांगण्यात अर्थ नाही. पण रझांचे तसे नाही. मंडला जिल्ह्यातल्या जंगलात वाढलेला हा मुलगा १९३९ साली नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि १९४३पर्यंत इथे शिकला. मंडला तेव्हा मध्य प्रांतात होते, नागपूर त्या प्रांताची राजधानी होती. चित्रकला शिकायची तर नागपूर, हा त्या भागाचा स्वाभाविक रस्ता होता.

या दोन लिलावांत आणखी एक साम्य आहे, आणि माझा लेख त्याविषयी आहे. दोन्ही चित्रे विकली ती पंडोल या पेढीने. ही पेढी आज बॅलार्ड इस्टेटमधल्या हॅमिल्टन हाउसमधून लिलाव चालवते. त्याआधी जवळजवळ अर्धे शतक ती हुतात्मा चौकाजवळची एक गॅलरी होती. आणि गॅलरी होण्याच्या आधी ते चित्रांना चौकटी करून देणारे दुकान होते.

पंडोल हा अपवाद नव्हे. मुंबईत आधुनिक चित्रांचा व्यापार उभा केला तो प्रामुख्याने फ्रेमवाल्यांनी. ही गोष्ट चित्रकलेच्या आपल्या इतिहासलेखनात एखाद्या वाक्यात उरकली जाते. मराठीत चित्रकारांची चरित्रे आहेत, कलाशाळांचे इतिहास आहेत, ‘चिन्ह’सारख्या वार्षिकांनी केलेले मोठे काम आहे, गायतोंडे यांच्यावरचा मोठा ग्रंथही २०१६मध्ये मराठीतच निघाला. पण चित्र रंगवून झाल्यावर ते कुणाच्या हाती गेले, कुणी सांभाळले, कुणी कुणाला विकले, या प्रश्नाकडे आपण जरा नाक मुरडूनच पाहत आलो. कलेच्या संदर्भात ‘दुकानदार’ म्हणजे जवळजवळ शिवी, आणि ‘दलाल’ तर त्याहून वाईट. चित्रांच्या जगात मराठी वाचकाने मनापासून स्वागत केलेले दलाल एकच, आपले दीनानाथ. त्यांच्या मुखपृष्ठांसाठी लोक दिवाळी अंक जपून ठेवत.

तेव्हा आधी मुंबई, मग नागपूर.

१९४०च्या सुमारास केकू गांधी नावाचा एक पारशी तरुण मुंबईत अडकून पडला होता. केंब्रिजला शिकत होता, सुटीत घरी आला आणि महायुद्धामुळे परतीचा रस्ता बंद झाला. त्याच युद्धामुळे रॉजर व्हान डॅम हा बेल्जियन गृहस्थही मुंबईत थांबला होता. त्याला चौकटींच्या पट्ट्या बनवण्याची विद्या अवगत होती. दोघांनी १९४१मध्ये ‘केमिकल मोल्डिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ काढली. पहिल्या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून तिचे नाव पडले केमोल्ड. पुढे भारतीय चित्रकलेत ज्या नावाला एवढे वजन आले, ते मुळात कारखान्याच्या पाटीवरचे संक्षिप्त नाव आहे.

दुकान प्रिन्सेस स्ट्रीटला. दुकानाला काच, आणि काचेमागे रिकाम्या चौकटी लावून ठेवल्या तर त्या उदास दिसतात. चौकटीत काहीतरी हवे. गांधींनी त्यात तरुण चित्रकारांची चित्रे लावायला सुरुवात केली: आरा, हेब्बर, हुसेन, रझा. चित्रकाराला प्रदर्शनासाठी चौकट लागतेच आणि ती त्याला परवडत नाही. फ्रेमवाल्याला चौकटीत लावायला चित्र हवे असते आणि ते विकत घ्यायची त्याची तयारी नसते. अशा दोन गरजांतून ही सोय निर्माण झाली. त्यात कलेची सेवा वगैरे भाषा सुरुवातीला नव्हती, आणि मला वाटते म्हणूनच ती टिकली.

काचेबाहेरून पाहणारे कोण होते, हेही महत्त्वाचे. हिटलरच्या युरोपातून सुटलेली काही माणसे त्या वेळी मुंबईत होती. व्हिएन्नाहून आलेले वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कलासंचालक झाले. नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकारांचा अड्डा जमे. रुडी फॉन लायडन शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ, पण वृत्तपत्रातून चित्रांवर लिहू लागले. इमॅन्युएल श्लेसिंजर औषधांच्या धंद्यात होते आणि चित्रे विकत घेत. एकाने शिकवले, दुसऱ्याने लिहिले, तिसऱ्याने पैसे मोजले. फ्रेमवाला या तिघांच्या मध्ये उभा होता. १९४७ साली सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला तेव्हा ही माणसे त्यांच्यामागे आधीच होती. प्रोग्रेसिव्हांची गोष्ट आपण बंडाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेही. पण त्यांच्या आसपास गिऱ्हाइकांचे एक लहानसे वर्तुळ होते आणि ते त्यांच्या वयाच्या इतर शहरांतल्या चित्रकारांना मिळाले नाही, हेही तितकेच खरे.

त्यापूर्वी चित्रे विकली जात नव्हती असे नाही. १८८८मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांतून विक्री होई. साहेबलोक निसर्गचित्रे घेत, संस्थानिक व्यक्तिचित्रे सांगत. पण ती वर्षातून एकदा भरणारी जत्रा. जत्रा संपली की चित्रकार पुन्हा आपला एकटा. १९५२च्या जानेवारीत सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना त्यांच्याच हस्ते तिचे उद्घाटन झाले. मुंबईच्या चित्रकलेला कायमचे घर मिळाले. पण जहांगीर हे दुकान नाही. तो भाड्याने मिळणारा हॉल आहे. चित्रकार अर्ज करतो, वर्षानुवर्षे वाट पाहतो, आठवड्याचे भाडे भरतो, निमंत्रणपत्रिका स्वतः छापतो आणि सातव्या दिवशी उरलेली चित्रे टेम्पोत घालून घरी नेतो. हॉलचे चित्रकाराशी नाते एका आठवड्याचे असते. जोखीम सगळी चित्रकाराची.

दुकानदाराचा व्यवहार वेगळा. तो भाडे घेत नाही, विक्रीतला हिस्सा घेतो. साधारण तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत हा हिस्सा असतो, आणि तो ऐकून नवख्या माणसाचे डोळे पांढरे होतात. पण त्या हिश्शात काय येते ते पाहावे. न विकलेली चित्रे वर्षानुवर्षे कोरड्या जागेत ठेवणे. त्यांची छायाचित्रे, कॅटलॉग. चित्रकाराला अडीअडचणीला आगाऊ रक्कम. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला तर ‘नाही’ म्हणणे, कारण आज एक चित्र स्वस्तात गेले की आधी घेणाऱ्या दहा जणांचे नुकसान होते आणि ते पुन्हा दुकानाची पायरी चढत नाहीत. आणि सर्वांत मुख्य म्हणजे वही. कुठले चित्र, कधी रंगवलेले, किती बाय कितीचे, कुणाला, केवढ्याला. ही वही पुढे इतिहास होते.

पॅरिसमध्ये ही रीत एकोणिसाव्या शतकातच बसली होती. इम्प्रेशनिस्टांना लोक हसत होते त्या काळात पॉल द्युराँ-र्‍युएल त्यांची चित्रे थप्पीने विकत घेऊन साठवत होता. १८८६मध्ये ती न्यूयॉर्कला नेऊन दाखवली, तेव्हा कुठे त्याचे हिशेब जुळू लागले. आपल्याकडे ही रीत यायला १९६३ साल उजाडले. त्या एका वर्षात मुंबईत दोन गॅलऱ्या निघाल्या. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली, आणि काली पंडोल यांनी आपल्या चौकटींच्या व्यवसायातून पंडोल आर्ट गॅलरी काढली. पंडोलांना गॅलरी काढायला हुसेननी भरीला घातले, असे सांगतात. चित्रकाराने आपला दुकानदार स्वतः घडवला, असे हे उदाहरण. त्याआधी १९५९मध्ये बाळ छाबडा यांनी भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये ‘गॅलरी ५९’ काढली होती. ती दुकान म्हणून फार काळ टिकली नाही. चित्रांवर प्रेम असणे आणि चित्रांचे दुकान चालवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गायतोंडे यांच्या बाबतीत मला या दुकानदारीचे मोल सर्वांत जास्त जाणवते. हा चित्रकार वर्षाला मोजकी चित्रे करणारा. प्रदर्शनांची हौस नाही, गिऱ्हाइकाशी गोड बोलणे नाही. १९७२मध्ये मुंबई सोडून दिल्लीला गेले, १९८४च्या अपघातानंतर कित्येक वर्षे मोठे चित्र केलेच नाही. असा माणूस हॉलच्या व्यवस्थेत बुडतो. ती व्यवस्था दर दोन-तीन वर्षांनी तीस चित्रे मागते. पण पंडोलांच्या गॅलरीत त्यांची चित्रे दीर्घकाळ येत राहिली, लागत राहिली, विकली गेली किंवा थांबली. १० ऑगस्ट २००१ला ते गेले. २०१३च्या डिसेंबरमध्ये क्रिस्टीजच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात त्यांचे १९७९ सालचे चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले, आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. अशा प्रदर्शनासाठी चित्रे गोळा करायची तर ती कुणाकडे आहेत हे आधी ठाऊक असावे लागते. ते ठाऊक होते, कारण कुणीतरी वही ठेवली होती.

मुंबईतल्या गिऱ्हाइकांविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण नागपूरशी तुलना तिथे होते. परदेशी वकिलातींतली माणसे आणि पारशी घरे यांच्याशिवाय काही संस्थाही मोठ्या गिऱ्हाईक होत्या. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बांधकामाच्या खर्चातला एक टक्का चित्रांसाठी वापरण्याची परवानगी नेहरूंकडून मिळवली आणि तरुण चित्रकारांची चित्रे घेऊन एक विलक्षण संग्रह उभा केला. त्यात गायतोंडे आहेत, हुसेनचे भले मोठे भित्तिचित्र आहे. एअर इंडियाने चित्रे घेतली आणि कधीकधी मोबदल्यात विमानाची तिकिटे दिली. पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा आणि विमान कंपनी, हे आपल्या आधुनिक चित्रकलेचे आश्रयदाते.

आता नागपूर.

टाटांची पहिली मोठी गिरणी, एम्प्रेस मिल, १८७७च्या पहिल्या दिवशी नागपुरात सुरू झाली. त्या पैशातून पुढे टाटा बंधूंनी जे चित्रसंग्रह केले ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये आहेत. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. पैसा जिथे राहतो तिथेच चित्र टांगतो. आमच्याकडे १८६३ सालचा अजब बंगला होता, उच्च न्यायालय होते, विद्यापीठ होते, सरकीवाले, कापूसवाले, संत्र्याचे आणि मँगनीजचे व्यापारी होते, निष्णात वकील तर पायलीला पन्नास. यांच्या दिवाणखान्यांत मी गेली वीस-बावीस वर्षे हिंडतो आहे. तिथे वडिलांचे तैलचित्र असते, आजोबांचे असते, क्वचित एखादे निसर्गचित्र असते. म्हणजे चित्रकाराला काम मिळत होते. पण ते काम सांगून करून घेतलेले, जसे शिंप्याकडून कोट शिवून घ्यावा. चित्रकाराने स्वतःच्या मनाने रंगवलेले चित्र दुकानात पाहून, आवडून, भाव विचारून घरी आणणे ही सवय वेगळी आहे. ती सवय लागायची तर आधी दुकान लागते.

१ नोव्हेंबर १९५६ला नागपूरचे राजधानीपण गेले. त्यानंतर सचिवालय गेले, त्यामागून बदलीची माणसे गेली, आणि बाहेरून येऊन चित्र विकत घेऊ शकेल असा वर्गही पातळ झाला. १९८६मध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र इथे आले, शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, प्रदर्शनाचे हॉल आहेत, अधूनमधून खासगी गॅलऱ्याही निघाल्या. यातून शिकवणारे चांगले निघाले आणि विद्यार्थीही. पण शिकून झाल्यावर विद्यार्थी चित्रे गुंडाळून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जातो, किंवा कलाशिक्षकाची नोकरी धरून इथे राहतो. चित्रकाराच्या पाठीशी वीस वर्षे उभा राहून त्याची चित्रे विकणारा एकही दुकानदार या शहरात उभा राहिलेला मला दिसला नाही.

फ्रेमवाले मात्र नागपुरात भरपूर होते आणि आहेत. सीताबर्डीत, महालात, इतवारीत. मग प्रिन्सेस स्ट्रीटला जे घडले ते सीताबर्डीत का घडले नाही? मी अनेक फ्रेमवाल्यांशी या विषयावर बोललो आहे आणि त्यांचे उत्तर अगदी सरळ असते: इथे चौकट रिकामी कधी नव्हतीच. देव होते. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. त्या आणि त्यामागून निघालेल्या छापखान्यांच्या लक्ष्मी-सरस्वतींनी नागपूर-वऱ्हाडातल्या चौकटी भरून टाकल्या. मग कॅलेंडरे आली. शिवाजी महाराज, गजानन महाराज, ताजुद्दीन बाबा, तुकडोजी महाराज. वारलेल्या माणसांचे फोटो तर बारमाही. या दुकानाला काचेत लावायला कुणा तरुण चित्रकाराच्या चित्राची गरज पडली नाही.

आणि १४ ऑक्टोबर १९५६नंतर या शहरात चित्रांचा जो बाजार उभा राहिला त्याची बरोबरी मुंबईची कुठलीही गॅलरी करू शकणार नाही. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. परतताना त्यांच्या हातात पुस्तके असतात आणि चित्रे असतात: बुद्ध, बाबासाहेब, रमाई, जोतिबा-सावित्री. चौकटीतली, बिनचौकटीची, गुंडाळी करून रबर लावलेली. ज्या घरांत भिंतीवरचे देव उतरवले गेले होते, त्या भिंतींसाठी ही चित्रे घेतली गेली. एका चित्राच्या जागी दुसरे चित्र लावणे हा त्या घरांत जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय होता. चित्र विकत घेण्यामागे एवढे मोठे कारण लिलावाच्या दालनात बसलेल्या माणसाकडे क्वचितच असते. चित्राची भूक नागपूरला नाही असे म्हणणाऱ्याने एकदा त्या दिवशी अंबाझरी रस्त्याकडून काछीपुऱ्यापर्यंत पायी फिरून पाहावे. पण ही चित्रे छापील. त्यांचे मूळ कुणी रंगवले, हे बहुतेकदा छापणाऱ्यालाही सांगता येत नाही. बाजार आहे, गिऱ्हाईक आहे, आणि चित्रकाराचे नाव नाही.

नाव टिकण्याचा हा प्रश्न मला दोन माणसांची आयुष्ये शेजारी ठेवली की फार टोचतो. प्रोग्रेसिव्ह गटाच्या सहा संस्थापकांपैकी दोघे नागपूरच्या कलाशाळेतले. एक रझा, दुसरे हरी अंबादास गाडे. गाडे १९१७चे, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे, नागपूर विद्यापीठाचे विज्ञान पदवीधर. जबलपूरला शिकवत होते, मग मुंबईला आले. रंगांची त्यांची समज सहाही जणांत वेगळी होती असे माझे मत आहे. त्यांची घरांची, गल्ल्यांची चित्रे पाहिली की भर उन्हातला वऱ्हाड दिसतो. रझा १९५०मध्ये फ्रेंच शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. १९५६मध्ये त्यांना तिथला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, आणि लारा व्हिन्सी या गॅलरीने त्यांना पुढे कित्येक वर्षे सांभाळले. गाडे इथेच राहिले. त्यांच्यामागे एखादी गॅलरी अशी सातत्याने उभी राहिलेली दिसत नाही. २००१मध्ये ते वारले. गायतोंडे गेले तेच वर्ष. रझांच्या एका चित्राला ५१ कोटी येतात तेव्हा गाडे हे नाव विदर्भातल्या शंभर सुशिक्षितांपैकी किती जणांना ठाऊक असेल, हा प्रयोग वाचकांनी आपल्या ओळखीत करून पाहावा. मी करून पाहिला आहे. निकाल सांगत नाही.

रझा मोठे चित्रकार नव्हते, दुकानदाराने मोठे केले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. दुकानदार वाईट चित्र चांगले करू शकत नाही. फार तर दहा-पंधरा वर्षे महाग करू शकतो. पण चांगले चित्र नजरेसमोर ठेवण्याचे काम तो करतो, आणि ते कुणीच केले नाही तर चांगले चित्रही माळ्यावर जाते. अकोल्याचे अंबादास खोब्रागडे, जन्म १९२२, हे तिसरे उदाहरण. १९६३मध्ये दिल्लीत ‘ग्रुप १८९०’चे प्रदर्शन झाले, नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले, त्यातले एक अंबादास. १९७२च्या सुमारास ते नॉर्वेला गेले आणि २०१२मध्ये तिकडेच वारले. अकोल्यात त्यांची चित्रे पाहायची झाल्यास कुठे जायचे?

एवढे लिहिल्यावर दुकानदारांची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख त्यांची वकिली ठरेल. २००५ ते २००८ या काळात भारतीय चित्रांचे भाव ज्या वेगाने चढले त्यात चित्रे पाहणारे थोडे आणि आकडे पाहणारे जास्त होते. चित्रांचे गुंतवणूक-फंड निघाले. कॅनव्हास सुकण्याआधी तिसऱ्या हाती गेलेली चित्रे होती. २००८च्या मंदीत हे सगळे कोसळले आणि त्यात तरुण चित्रकार सर्वांत आधी पडले, कारण त्यांनी चढत्या भावाच्या भरवशावर स्टुडिओ घेतले होते. नकली चित्रांचा सुळसुळाट झाला. ज्यांच्या जुन्या मालकीची साखळी कागदावर नाही अशा चित्रकारांच्या नकला करणे सोपे जाते, आणि अशा चित्रकारांची संख्या मुंबईबाहेर जास्त आहे.

शिवाय या कोटींतले चित्रकाराकडे काय जाते? कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने एक कलम आले, ५३अ. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले तर त्या किमतीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळावा, तो दहा टक्क्यांपर्यंत असावा, असे ते सांगते. चित्राच्या पुनर्विक्रीत कलावंताचा हक्क मानणारे हे कलम कागदावर तरी उत्तम आहे. कागदाबाहेर ते जवळजवळ निद्रिस्त आहे. ज्या चित्रकाराने १९७०मध्ये काही हजारांत चित्र दिले त्याच्या मुलांना पन्नास वर्षांनंतरच्या लिलावाची बातमी तुमच्या-माझ्यासारखीच वर्तमानपत्रातून कळते. गॅलऱ्यांनी आणि लिलाववाल्यांनी मनात आणले असते तर हे कलम त्यांना स्वतःहून पाळता आले असते.

तरीही, व्यवहारात दोष आहेत म्हणून व्यवहारच नको, ही आपली मध्यमवर्गीय सोवळी भूमिका शेवटी चित्रकाराच्याच मुळावर येते असे मी इतक्या वर्षांच्या भटकंतीनंतर म्हणतो. ‘मी माझी चित्रे विकली नाहीत’ हे वाक्य विदर्भातल्या कित्येक ज्येष्ठ कलावंतांनी मला अभिमानाने ऐकवले आहे. त्यांचा अभिमान मी समजू शकतो. पण न विकलेली चित्रे कुठे जातात हेही मी पाहिले आहे. मुलगा पुण्याला, मुलगी अमेरिकेत, घर बिल्डरला दिलेले, आणि दोनशे कॅनव्हास एका खोलीत भिंतीला टेकवून उभे. वाळवी आकृतिप्रधान आणि अमूर्त असा भेद करत नाही. विकले गेलेले चित्र निदान कुणाच्या तरी भिंतीवर असते. ज्याने पैसे मोजले तो त्यावरची धूळ पुसतो.

केमोल्डचे कागद आणि छायाचित्रे सांभाळली गेली आहेत. गांधींच्या कन्या शिरीन यांनी २००७मध्ये गॅलरी प्रेस्कॉट रोडवर नेली तेव्हा चाळीसहून अधिक वर्षांची नोंद सोबत गेली. अतुल दोडिया यांचे पहिले एकल प्रदर्शन १९८९मध्ये तिथे झाले. प्रभाकर बरवे, भूपेन खख्खर, नलिनी मलानी यांच्यावर ज्यांना लिहायचे आहे त्यांना सुरुवात करायला जागा आहे. नागपूरवर लिहिणाऱ्याला अशी एकही जागा नाही. इथे वही नाही, कॅटलॉग क्वचित, आणि प्रदर्शनाच्या बातमीत चित्रकारापेक्षा उद्घाटकाची माहिती अधिक.

त्यामुळे माझे काम उलट्या बाजूने चालते, अक्षरशः. कुणाच्या घरी जुने चित्र दिसले की मी परवानगी मागून ते भिंतीवरून उतरवतो आणि पालथे करतो. मागच्या बाजूला पुठ्ठा असतो, त्यावर धूळ, पालीची अंडी, आणि एका कोपऱ्यात बहुधा फ्रेमवाल्याची कागदी चिठ्ठी चिकटवलेली. दुकानाचे नाव, रस्ता, आणि फोन क्रमांक. क्रमांक चार आकडी की सहा आकडी यावरून चौकट साधारण कुठल्या दशकात बसवली ते कळते. दुकान अजून चालू असेल तर मी तिथे जातो. म्हातारे मालक असतील तर त्यांना चित्रकार आठवतो, कधी त्याची राहिलेली उधारीसुद्धा. चित्रावर सही पुसट असते, घरच्यांना नाव ठाऊक नसते, पण फ्रेमवाल्याच्या जुन्या बिलबुकात ते एकदा सापडले आहे: ‘मास्तर, दोन नग, बर्मा सागवान पट्टी, काच नको’. त्या मास्तरांचे पूर्ण नाव मी अजून शोधतो आहे.